सतरा नंबरचा पट्टा

५ ऑगस्ट १९९१

तीर्थरूप काका,
नमस्कार.

टेम्पोवाल्यानं सहा खोकी मैदानाच्या फाटकात उतरवली असतील आणि तुम्ही कपाळाला हात लावला असेल, म्हणून हे पत्र खोक्यांच्या मागोमाग पाठवते आहे. प्रत्येक खोक्यात एकेका जातीच्या हरळीचे ठोंब आहेत. वर फक्त नंबर आहेत. आमच्या केंद्रात आठ वर्षं हेच चाललंय. चिवट गवताचा चिवट गवताशी संकर करायचा, हजार रोपांतली दहा ठेवायची आणि त्या दहांना उन्हात, बुटांखाली सोडून बघायचं की जगतं कोण. ही सहा जणं दोन मैदानांवर गेलीच आहेत. तिसरं मैदान मी मुद्दाम तुमचं मागून घेतलं. बाबांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळलं आणि त्यांच्यामागे गेली सहा वर्षं तुम्ही सांभाळताय, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या आकड्यावर माझा एवढा भरवसा नाही. मला फुटबॉलच्या सरावाच्या गोलासमोरची जागा हवी आहे. तिथे रोज दोन-दोन संघ खेळतात आणि तिथे काही टिकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा गुडघा तिथेच गेला.

सहा पट्टे शेजारी शेजारी लावा, दोन-दोन हात रुंद. रुजेपर्यंत नेहमीसारखं पाणी द्या, डिसेंबरपासून मात्र दहा दिवसांतून एकदाच. खत अजिबात नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, टक्कल पडलं तर पडू द्यायचं, बुजवायचं नाही. सोबत एक लोखंडी चौकट आहे, तिच्यात दोऱ्या विणून शंभर गाठी केल्यात. दर पंधरा दिवसांनी ती पट्ट्यावर ठेवायची, ज्या गाठीखाली हिरवं दिसेल तेवढ्याच मोजायच्या आणि आकडा मला कळवायचा.

सहांतला एक नंबर माझ्या हातचा आहे. कुठला ते विचारू नका. एक जरी पास झाला तर तो बारा शाळांच्या मैदानांवर लागणार आहे. तिथली पोरं आज विटेसारख्या जमिनीवर खेळतायत. एकही पास झाला नाही, तर आमचा गवताचा विभाग बंद होईल आणि मला बियाण्यांच्या गोदामात बसवतील.

तुमची,
ठकू


२२ ऑगस्ट १९९१

चि. ठकूस,
आशीर्वाद.

कपाळाला हात लावला नाही, कारण हात चिखलानं भरले होते. खोकी उघडली. सहाही मला सारखीच दिसली. तुम्ही शिकलेली माणसं उंटावरून शेळ्या हाकता आणि आम्हाला शेळ्यांमागे पळायला लावता. तरी सांगितलंस तसे पट्टे आखून घेतले, सुतळी ताणून ठोंब लावले, नंबरच्या पाट्या ठोकल्या. क्लबचे सेक्रेटरी येऊन विचारून गेले, हे काय भाजीचे वाफे घातलेत का. मी म्हटलं, आमच्या ठकूची परीक्षा आहे, पेपर तुमच्या मैदानावर पडलाय.

तुझं एक सांगणं मात्र जड जातंय. या मैदानावर संध्याकाळी पडलेलं टक्कल दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आत बुजवायचं, हा दादाचा, म्हणजे तुझ्या बाबाचा, नियम. त्यासाठीच पंपाच्या खोलीमागे त्याचा वाफा आहे. तिथला एक ठोंब काढायचा, खड्ड्यात बसवायचा, टाचेनं दाबायचा, वर डबाभर पाणी. संध्याकाळी कोणाला कळतसुद्धा नाही. पंचवीस वर्षांत मी हे एकदाही चुकवलेलं नाही. आता तू सांगतेस की बघायचं आणि सोडून द्यायचं. शिंप्याला म्हणावं, फाटलेलं बघ पण शिवू नको, त्यातलीच गत. पण तुझा शब्द आहे तर हात खिशात ठेवीन.

गुडघे ठीक आहेत. माझे. तुझे कसे आहेत?

तुझा काका


२६ फेब्रुवारी १९९२

तीर्थरूप काका,

आकडे मिळाले. तुम्ही गाठी मोजून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता, हे कागदाच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवरून कळलं. साहेबांना दाखवलं. म्हणाले, आपल्या माणसांनी असं काम केलं असतं तर विभाग बंद करायचा विषयच निघाला नसता.

सतरा नंबर पंधरा दिवसांत ऐंशीवरून बहात्तरवर आला. गोलाच्या बाजूनं विरळ होतोय की सगळीकडून? पानांच्या कडा वळतायत का? दुसऱ्या मैदानांवर तो मध्यम आहे, पण तिथे रोजचा खेळ नाही. खरी कसोटी तुमच्याकडेच आहे. सतराचं जरा सविस्तर लिहा.

तुमची,
ठकू


८ एप्रिल १९९२

चि. ठकूस,

गेल्या तीन पत्रांत तू सतराची चौकशी केलीस. बाकीच्या पाचांना काय धाड भरली का? शाळा सुटताना फाटकात उभ्या असलेल्या बाईची नजर बघितली की तिचं पोर कोणतं ते कळतं. मला कळलं.

तर तुझ्या पोराचं खरं सांगतो. आकडा अडतीस आहे. गोलकीपर उभा राहतो तिथे पार जमीन दिसते. बाकीचे पट्टेही खालावलेत, आठ नंबर सत्तेचाळीसवर आहे, पण सतराचं बघवत नाही. काल मुलींची कोच मला विचारत होती की ही जागा अशीच ठेवणार का. मी मान खाली घालून रोलर ओढत राहिलो. एक डबा पाणी दिलं तर काय बिघडेल? कोणाला सांगणार नाही.

काका


१७ एप्रिल १९९२

तीर्थरूप काका,

बरोबर ओळखलंत. सतरा माझा आहे.

पण पाणी नाही. एक थेंबही नाही. मरायचा असेल तर मरू दे त्याला. शाळेच्या मैदानावर तो मेला तर तिथे लाड करायला काका नसतील.

तुमच्यापासून काय लपवायचं? बाबा आजारी असल्याची तुमची तार आली, तेव्हा मी सतराच्याच आईबापाच्या तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधत होते. फुलोरा चार दिवसांचा असतो. सोडून आले असते तर वर्ष फुकट गेलं असतं. दोन दिवसांनी निघाले, आणि पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. फाटकात तुम्ही एकटे उभे होतात. तुम्ही मला काही बोलला नाहीत, हे मी विसरलेले नाही. ज्याच्यासाठी बाबांचं शेवटचं दर्शन चुकलं, त्याला आता अडतीस मार्क. डोळ्यांत पाणी येतं, ते तेवढंच पाणी. त्याला देऊ नका.

ठकू


२ जून १९९२

चि. ठकूस,

आकडे सोबत आहेत. ऊन फार आहे. मशीनचं पातं बोथट झालं होतं, धार लावून आणली. माझा डावा गुडघा कुरकुरतोय.

सतराचे आकडे मागच्या वेळी एकावन्न, आता सहासष्ट.

एक विचारायचं होतं. तुम्ही एखादी जात पास करता म्हणजे शाळांना इथलंच गवत उपटून नेता, की तुमच्याकडचं लावता?

काका


२० जुलै १९९२

तीर्थरूप काका,

गेल्या आठवड्यात येऊन गेले, पण साहेब बरोबर असल्यामुळे दोन शब्द निवांत बोलता आले नाहीत. तुम्हीही मशीन घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतात. पंपाच्या खोलीकडे जाऊन यावंसं वाटत होतं, बाबांची खुर्ची अजून तिथे आहे म्हणतात. पण गाडी थांबली होती.

काका, सतरा उठला! बाकीचे पाच उन्हानं झोपवले आणि हा स्वतःच्या मुळांवर परत आला. साहेब गुडघ्यावर बसून बघत होते. पान मला जरासं रुंद वाटलं, पण तुडवून तुडवून तसं होत असेल. रिपोर्ट गेला आणि मंजूरही झाला. तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते, शाळांना तुमच्याकडचं गवत जाणार नाही. आमच्या रोपवाटिकेत सतरा नंबर पाच गुंठ्यांवर वाढवून तयार आहे, तोच लागेल. पहिली शाळा पुढच्या महिन्यात, मग उरलेल्या अकरा.

आज मनातलं एक लिहिते. मी अकरा वर्षांची असताना त्या गोलासमोर पडले, तेव्हा बाबा धावत आले. आले आणि आधी खाली वाकून जमिनीवर हात फिरवला. नीट, सावकाश. मग मला उचललं. गुडघ्याची वाटी फुटली होती, पण मला दुखलं ते त्या हातानं. मी त्यानंतर खेळले नाही आणि बाबांशी मोकळं बोललेही नाही. या माणसाला पोरीपेक्षा मैदान प्यारं, असं मनात धरून बसले. शिकले गवताचंच, ते जणू त्यांना दाखवायला की तुमच्या मैदानापेक्षा चांगलं मी करून दाखवीन. आज करून दाखवलं. आणि बघायला ते नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

तुमची,
ठकू


९ ऑगस्ट १९९२

चि. ठकूस,

हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. एवढ्यात तू त्या पहिल्या शाळेत गवत लावायला निघाली असशील तर आधी थांबव. आणि मग पुढचं वाच.

सतरा उठला नाही. मी त्याला उठवला.

तुझं एप्रिलचं पत्र आलं, ते तुझ्या बाबाच्या शेवटच्या वेळचं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेलो. गोलासमोर तव्याएवढं टक्कल होतं. पाणी नको म्हणालीस, म्हणून पाणी दिलं नाही. पण पाय आपोआप पंपाच्या खोलीमागे गेले. दादाच्या वाफ्यातला एक ठोंब काढला आणि बसवला. एकच. मनाशी म्हटलं, एकानं काय होतं. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं टक्कल. मग तिसरं. जित्याची खोड. दीड महिन्यात किती ठोंब लावले ते मोजले नाहीत. चौकटीच्या गाठी मात्र इमानदारीत मोजल्या, दोन-दोनदा. हिरवं होतं ते खरं होतं, फक्त ते सतरा नव्हतं. ती जुनी हरळी एकदा रुजली की लगेच पसरते. तू आलीस तेव्हा त्या पट्ट्यात तुझं गवत जेमतेम कडेला उरलं होतं. तू पान हातात धरून बघत होतीस आणि मी मशीन घेऊन लांब पळालो.

मला वाटलं होतं, पास झाला तर शाळांना इथलंच नेतील, म्हणजे पोरांना तरी चांगलं गवत मिळेल. झाकली मूठ राहील. मग तुझ्या पत्रात वाचलं, पाच गुंठे तयार आहेत म्हणून. ते खरं सतरा त्या बारा मैदानांवर दोन महिन्यांत मरेल आणि खाली वीट उघडी पडेल. त्यावर बारा शाळांची पोरं पडणार.

तुझी आठ वर्षं मी मातीत घातली. तुझ्या साहेबांना माझं नाव सांग. मी लिहून देतो, सही करून देतो.

काका


२१ ऑगस्ट १९९२

काका,

पत्र मिळालं. पहिल्या शाळेत निम्मे ठोंब लावून झाले होते, ते काढले. रिपोर्ट मी स्वतः मागे घेतला. पाच गुंठे नांगरून टाकले. साहेबांनी मला पंधरा मिनिटं उभं ठेवलं आणि एवढंच विचारलं की पानातला फरक तुम्हाला दिसला नव्हता का. मी म्हटलं, दिसला होता. विभाग पुढच्या वर्षापुरता ठेवलाय, पण दुसऱ्याच्या हाताखाली. मी मोजणी करणार.

तुमची सही नको. मला फक्त एक सांगा. मी नको म्हणाले होते. दोनदा. तुम्ही शब्द दिला होता. दिलेला शब्द मोडणारे तुम्ही नव्हेत. मग एक टक्कल तुमच्याच्यानं सोडवलं का नाही?

ठकू


६ सप्टेंबर १९९२

चि. ठकूस,

विचारलंस म्हणून सांगतो. सव्वीस वर्षं सांगितलं नाही, कारण दादानं तोंडाला कुलूप घातलं होतं. तो गेल्यावर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ते माझ्या भित्रेपणामुळे.

तू पडलीस त्या दिवशी सकाळी दादानं मला ती जागा दाखवली होती. गोलासमोर वीतभर टक्कल, खाली जमीन दगडासारखी. म्हणाला, आज एवढं बुजव. मी म्हटलं, उद्या करू. मला दुपारच्या सिनेमाला जायचं होतं. तिकीट काढून ठेवलं होतं. गेलो. परत आलो आणि फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच तू तिथे पडलीस.

दादा धावत गेला. त्यानं जमिनीवर हात फिरवला तो मी ती जागा बुजवली की नाही ते बघायला. नव्हती बुजवली. त्यानं मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग तुला उचललं. तो एक क्षण तू पाहिलास. त्यातलं माझ्याकडचं बघणं तुला दिसलं नाही, तोवर तू डोळे मिटून रडायला लागली होतीस.

घरी वहिनी विचारायला लागली तेव्हा मी दारातच उभा होतो. दादा म्हणाला, "माझ्याकडून राहून गेलं." मला नंतर बाहेर एवढंच म्हणाला, "पोरगी काकाकडे हसून येते, तेवढं राहू दे." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. तू त्याच्याशी बोलायची कमी झालीस ते त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. मी तुला खांद्यावर घेऊन फिरायचो आणि तो लांबून बघायचा.

त्या वर्षीचा खेळ संपल्यावर तो खुरपं घेऊन त्या गोलासमोर बसला. सगळं गवत मेलं होतं, चार-पाच ठोंब तेवढे जिवंत होते. ते खणून त्यानं पंपाच्या खोलीमागे लावले. दुसऱ्या वर्षी त्यातलेच परत गोलासमोर, आणि वर्षाच्या शेवटी जे उरले ते परत वाफ्यात. मरणारे फेकून द्यायचे. म्हणायचा, "पोरांच्या पायाखाली जे राहिलं, तेच ठेवायचं." एकोणीस वर्षं हे केलं त्यानं. मग सहा वर्षं मी. तेव्हापासून टक्कल दिसलं की मला सिनेमाचं ते तिकीट आठवतं.

आता सगळं सांगितलं. तू पत्र नाही पाठवलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

काका


१९ जानेवारी १९९३

तीर्थरूप काका,
नमस्कार.

साडेचार महिने लिहिलं नाही. लिहायला बसत होते. "तुम्हाला माफ केलं" असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. खरं नव्हतं ते. तुमचा राग आला, अजून आहे. सतराचा नाही. त्याबाबतीत माझंही नाक कापलं गेलं पाहिजे, कारण स्वतःचं पोर मी ओळखलं नाही. पान रुंद आहे हे डोळ्यांना दिसत होतं आणि मी त्याला तुडवण्याचं कारण चिकटवलं, कारण मला जिंकायचं होतं. राग आहे तो बाबांच्या एकोणीस वर्षांचा. रोज समोर असूनही मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला ठाऊक होतं. दोन शब्द सांगितले असतेत तर.

पण मग असंही वाटतं की मी तरी कुठे विचारलं? अकराव्या वर्षी पाहिलेल्या एका हातावरून माणसाचा निकाल लावला आणि रिपोर्ट कधी तपासला नाही. चौकटीत शंभर गाठी असतात, मी एक गाठ बघून आकडा लिहिला.

महिनाभर आणखी एक गोष्ट डोक्यात घोळतेय. बाबांनी जे केलं त्याला आमच्याकडे निवड म्हणतात. संकर बिंकर नंतरचा. मेलेलं फेकायचं, टिकलेलं ठेवायचं, पुन्हा पायाखाली घालायचं, यापलीकडे चिवट गवताचं शास्त्र फारसं नाही. मी चिवट हरळी शोधत देशोदेशीची पाकिटं मागवली, आणि पंचवीस वर्षं निवडलेली हरळी पंपाच्या खोलीमागे होती. तुम्ही पहिल्याच पत्रात त्या वाफ्याचं लिहिलं होतं. काढून पुन्हा वाचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

नव्या साहेबांना विचारलं. म्हणाले, माळ्याच्या वाफ्यातलं गवत चाचणीत घेतलेलं ऐकिवात नाही. मी म्हटलं, घेऊन बघा, मोजणी मीच करते, पाहिजे तर चौकट तुम्ही धरा. शेवटी हो म्हणाले. जूनमध्ये येते. तुमच्या हातून चाळीस ठोंब हवेत. नंबर एकेचाळीस मिळालाय. शेजारी खरा सतराही लावणार, त्याला एकदा सरळ मरू दे.

अर्जात एक रकाना असतो, वाण कोणी निवडला. तिथे मी बाबांचं नाव लिहिलं, आणि पुढे त्यांचा धंदा, ग्राउंडचा माळी.

या वेळी हात खरोखर खिशात ठेवा, काका. बाबांच्या गवतालासुद्धा.

तुमची,
ठकू


१५ मे १९९४

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या जूनमध्ये तू आलीस, वाफ्यात दादाच्या खुर्चीवर तासभर बसलीस, त्यानंतर पत्रांतून नुसते आकडेच धाडले. आज आकडे आधी देतो आणि मग थोडं बोलतो.

सतरा एकोणतीस. आठ नंबर बेचाळीस. तुमच्या नव्या साहेबांचा तेहतीस नंबर पन्नास. एकेचाळीस अठ्ठावन्न.

एप्रिलात एकेचाळीस शेहेचाळीसवर गेला होता, तो आकडा तुला मिळालाच आहे. गोलकीपरच्या जागी दोन टकलं पडली, एक तर माझ्या तळहाताएवढं. रोज सकाळी जाऊन उभा राहायचो. वाफा वीस पावलांवर. हात इतके शिवशिवायचे की शेवटी खुरपं कोचच्या कपाटात ठेवून किल्ली तिच्याकडे दिली. तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तीन आठवडे त्या जागेकडे नुसतं बघत राहिलो. मग एका सकाळी टकलाच्या दोन्ही कडांनी बारीक फुटवे आत शिरताना दिसले. कोणी हात लावला नव्हता. आता ते टक्कल रुपयाएवढं उरलंय. तुझे साहेब पास करतील की अजून एक वर्ष बघतील ते त्यांचं ते बघतील. मी आकडे खरे दिलेत, तेवढं माझ्या हातात होतं.

परवाची गोष्ट सांगायची म्हणून खरं तर पत्र लिहायला घेतलं. मुलींचा सराव चालला होता. मी बाजूला उभा, हात खिशात. एक बारकी पोरगी, दहा-अकराची, चेंडू घेऊन गोलाकडे सुटली आणि कोणाच्या तरी पायाला अडखळून सरळ गुडघ्यावर पडली. बरोबर एकेचाळीसवर.

माझे पाय चालत नाहीत हल्ली, पण पळालो. कसा पोचलो ते माझं मला ठाऊक नाही. ती तोंड वासून माझ्याकडे बघत होती, रडावं की नाही याचा विचार करत.

मी आधी तिला उचललं, ठकू. उभी केली, गुडघा बघितला. हिरवा डाग पडला होता, बाकी काही नाही. ती हसली आणि पळाली.

मग खाली वाकून जमिनीवर हात फिरवला. मऊ होती.

तुझा,
काका